दुसऱ्या लातूरचा संगू

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज परत पलीकडच्या एका लातूरला जाऊन आले. संगू तिथं पण न्हाई. तिथं तो जन्मलाच न्हाई बहुतेक — आमच्या घराच्या जागी पिठाची गिरणी हाय. गिरणीवाल्यानं विचारलं, काय दळायचंय? मी म्हणले, काही न्हाई. तो माझ्या रिकाम्या हाताकडं बघायला लागला. मग आले परत.

मराठीत लिहायलेय. सगळी शाळा इंग्लिश मीडियमला गेली, पण इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की मार्कांसाठी लिहिल्यासारखं व्हतंय. 'माय ब्रदर' असा निबंधच तयार होतो त्याचा. वेलांट्या चुकल्या तर चुकल्या. वाचणार कोण हाय?

तर सरळ लिहिते. माझा भाऊ संगमेश्वर — संगू — दसरा झाला आणि नांदेडला डेंग्यूनं गेला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तिथं ट्रॅक्टरच्या शोरूमला होता, मी तिथंच इंजिनिअरिंगला. तो गेल्यापासून कॉलेजला गेले न्हाई, लातूरला घरीच हाय. आणि मी ती 'गायबताई'. औसा रोडच्या त्या व्हिडिओत ट्रकच्या पुढून एक आजोबा आणि एक माकडटोपीवाली पोरगी गायब होतात, ट्रक जातो, दोघं परत तिथंच उभे — ती मी. लोकांनी खाली लिहिलं एडिटिंग हाय. बरंच झालं.

मी काय उडत न्हाई, मारामारी येत न्हाई. मला फक्त पलीकडं जाता येतं. लातूर एकच न्हाई, एकाशेजारी एक लई लातूर हायेत, थोडी थोडी वेगळी. आणि मी जे हातानं धरते ते माझ्यासोबत येतं. बस एवढंच. माणसाला धरायचं, पलीकडं न्यायचं, इकडचं संकट पुढं गेलं की परत आणायचं. कुठं काय झालंय ते संगू सांगायचा. त्याच्याकडं स्कॅनर-बिस्कॅनर नव्हता. पन्नास व्हॉट्सॲप ग्रुप होते.

घरात हे फक्त त्यालाच माहीत होतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. अप्पांनी आमचं किराणा दुकान उघडलं, पूजा केली, बंद केलं. घरी पणती न्हाई. शेजारच्या पोरांनी पण आमच्या दारापुढं फटाके उडवले न्हाईत. कुणी शिकवलं असंल त्यांना?

२६ ऑक्टोबर, रविवार

हे लिहायचं नव्हतं. पण डोक्यातून जात न्हाई.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी, भर दुपारी, आई बाहेर चहा प्यायला गेली होती. प्लेटलेट्स पार खाली आलेल्या. डॉक्टर आता नीट बोलत पण नव्हते. मी म्हणले, संगू, हात दे. त्याला कळलं मी काय करणार ते. म्हणला, सलाईन तरी काढ आधी, येडे.

पलीकडच्या नांदेडात तिथं दवाखाना नव्हता. मोकळा प्लॉट, गवत, एक शेळी. त्याला गवतावर ठेवलं. मला खरंच वाटलं होतं — ट्रक जसा इकडंच राहतो, पूर जसा इकडंच राहतो, तसं हे पण राहील. कपाळाला हात लावला. ताप तसाच.

मी म्हणले, थांब, अजून एक ठिकाणी जाऊन बघू.

तो म्हणला, "ताप माझ्या अंगात हाय, रुद्रा. दवाखान्यात न्हाई."

आणि हसला पण. शेळीकडं बघून म्हणला, हिला काय वाटत असंल आपण कोण. मग मी त्याला परत आणलं, सलाईन कशीतरी लावली, नर्सच्या शिव्या खाल्ल्या. आई चहा पिऊन आली. संध्याकाळी तो गेला.

आमच्या लिंगायतांत बसवून माती देतात. औशाजवळ आमचं रान हाय, तिथं आंब्याखाली दिली. मी बघितलं तेव्हा तो मांडी घालून बसला होता, हातात लिंग, जेवायला बसल्यासारखा.

२ नोव्हेंबर, रविवार

नांदेड. संगूच्या रूमवरचं सामान आणायला. त्याचा रूम पार्टनर शिवम एक एक वस्तू पिशवीत टाकायला आणि दर वेळी विचारायला, हे न्यायचं का? चार्जर. न्यायचं का? अर्धी वापरलेली टूथपेस्ट. न्यायची का? शेवटी म्हणले, दादा, सगळंच दे. तो बिचारा बाथरूममध्ये जाऊन बसला.

परतीच्या बसला वेळ होता. घाटावर गेले, आणि तिथून पलीकडं.

सापडला!

म्हणजे — एका नांदेडात सापडला. घाटाच्या पायऱ्यांजवळ स्कूटीवर बसलेला, आणि शेजारी मी. म्हणजे तिथली मी. गाडी कोण चालवणार यावरून भांडण. ती किल्ली देईना. मी झाडाआडून बघायलेय आणि मला वाटलं जावं आणि तिच्या एक कानाखाली द्यावी. दे की ग किल्ली त्याला! चालवू दे की!

शेवटी तीच जिंकली. गेले दोघं.

तो तिचाय. माझा न्हाई. कळतंय मला. पण तिथल्या लातूरच्या गंजगोलाईत, बाजारात, तिथल्या घाटावर, कुठं ना कुठं तो जिवंत हाय एवढं कळलं आणि आता मला थांबता येत न्हाई.

९ नोव्हेंबर, रविवार

राजीव गांधी चौकात ऑटो उलटला. मी समोरच होते. आत एक बाई अडकलेली, हात बाहेर. नुसता तो हात धरायचा होता.

मी उभीच राहिले. दोन पोरांनी ऑटो सरळ केला, बाईला काढलं, काही झालं न्हाई तिला.

गायबताई कुठं गायब झाली ते तिलाच विचारा आता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवते.

ह्या लातूरात गंजगोलाई तशीच हाय, आमचं किराणा दुकान पण तिथंच. पाटी वेगळ्या रंगाची. गल्ल्यावर संगू. आमच्या संगूपेक्षा जाड, मिशी ठेवलेली, गळ्यात मफलर. आत आई पोत्यावर बसून शेंगा निवडायलेली आणि कुणाशी तरी फोनवर हसायलेली. आईला हसताना बघून मला काहीतरीच झालं.

मी गेलेच. संगू म्हणला, बोला ताई, काय देऊ? ताई! समोर बरणी होती. राजगिऱ्याचा लाडू द्या म्हणले. त्यानं दिला. मी तिथंच खाल्ला आणि तिथंच रडले. तो घाबरला, पाणी दिलं. आईनं आतून विचारलं, काय झालं रे पोरीला? मी म्हणले ठसका लागला.

मग आईला — त्या आईला — विचारलं, काकू, तुम्हाला लेकरं किती? म्हणली, हे एकच, आणि दहा जणांचं खातंय. पोरगी पाहिजे होती म्हणली, देवानं काही दिली न्हाई.

म्हणजे तिथं मी न्हाईच. कधी झालेच न्हाई.

जागा रिकामी हाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी जे धरते ते माझ्यासोबत येतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आई दिवसभर एक चहा आणि एक बिस्कीट. वर औषधाच्या गोळ्या. ताट वाढलं की म्हणती ठेव, खाते. मग ते ताट संध्याकाळी गाईपुढं जातं. हाडं दिसायलीत तिची. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर ॲडमिट करावं लागंल.

आज अप्पांनी तिच्यासमोरच मला सांगितलं, हिनं संगूच्या नंबराला परत रिचार्ज मारायला लावलं म्हणून. "नंबर बंद पडला तर त्यानं फोन कसा करायचा म्हणती." असं म्हणून हसायला गेले आणि तोंड फिरवून दुकानात निघून गेले.

आई म्हणली, चेष्टा करू दे त्यांना. मला ठाव हाय तो करत नसतो ते. पण आपण बंद करू नये.

मी आत गेले आणि ठरवलं. आणायचं त्याला.

मी तिथंच जाऊन राहिले तर इथं आईची दोन्ही लेकरं गेली. म्हणून तो इकडं. बस.

७ डिसेंबर, रविवार

तीनदा जाऊन आले त्या दुकानात. तो आता मला ओळखतो. 'लाडूवाली' म्हणतो.

सगळा विचार केलाय. मिशी काढायला लावायची. घरचे सोडले तर फार कुणी बघितलेलं न्हाई त्याला मातीत ठेवताना. आईला काय सांगायचं? काही पण. आई विचारणारच न्हाई. आई फक्त त्याच्या तोंडाकडं बघत बसंल आणि जेवंल. त्याला सुरुवातीला राग येईल. मग सवय व्हईल. घर तेच, दुकान तेच, आई तीच. त्याचं काय जातंय?

आणि ती आई? ती धडधाकट हाय. हसती. तिला अजून एवढी —

हे वाक्य पुरं करता येईना. असू दे तसंच.

१४ डिसेंबर, रविवार

अप्पा म्हणाले शुक्रवारी येळवस हाय, रानात जायचं. आईजवळ राहायला आलेली मामी म्हणली, भावजी, ह्या वर्षी कशाला, लोक काय म्हणतील. अप्पा म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाई. आणि पोरगा रानातच बसलाय. त्याच्या पुढं अंबील शिंपडायची न्हाई का?"

मामी बाजरी निवडायला बसली मग.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं लातूर रिकामं होतंय. ज्याला रान हाय तो रानात, ज्याला न्हाई तो दुसऱ्याच्या रानात. कडब्याची कोप करायची, आत लक्ष्मी मांडायची, मग पंगत. आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. कोण, कुठला, कुणाचा — जेवल्याशिवाय विचारायचं न्हाई. लहानपणी संगू आणि मी एका येळवशीला सहा रानात जेवलो होतो. सगळीकडं सांगायचो अजून काही खाल्लं न्हाई.

पलीकडं पण शुक्रवारीच येळवस हाय. त्यांचं पण रान तिथंच असंल.

दुकानात गल्ल्याच्या आडून हात धरता येत न्हाई. रानात येईल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कुठून सुरू करू.

सकाळी आमच्या रानात गेलो. मामीनं शेंगा-पालेभाज्यांची भज्जी केलेली, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली अंबील. अप्पांनी संगूच्या मातीवर आधी अंबील शिंपडली, मग ज्वारीत. आई कोपीच्या सावलीत पोत्यावर बसलेली, भिंतीला टेकल्यासारखी कडब्याला टेकून. माझ्या मैत्रिणीचं, लुंबिनीचं, रान जवळच हाय. मी सांगितलं तिला बोलवायला जाते म्हणून. आईनं मान पण हलवली न्हाई. ज्वारी डोक्याएवढी वाढलीय. आत शिरले आणि गेले पलीकडं.

तिथं पण तीच ज्वारी. कोप त्याच जागी. आणि आंब्याखाली, जिथं आमच्याकडं मातीचा उंचवटा हाय, तिथं सपाट जमिनीवर चादरी टाकून पंगत बसलेली. त्या आईनं लांबूनच हाक मारली, ये ग बाय, ये, बस, भज्जी गरम हाय. तिनं मला ओळखलं नव्हतं अजून. नुसती वाटेनं चाललेली पोरगी बघितली होती.

संगूनं ओळखलं. मोठ्यानं म्हणला, "आई, ही ती लाडूवाली! लाडू खाऊन रडली होती ती. हिला भज्जी जपून वाढ." सगळे हसले. एक काका म्हणाले, तुझ्या दुकानचा माल खाऊन आम्ही पण रडतो की रे, फक्त घरी जाऊन. त्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मला आंब्याखाली बसवलं.

मी जेवले. संगूच्या जागेवर बसून, संगूच्या शेजारी.

त्यानं एक उंडा माझ्या ताटात टाकला आणि हळूच विचारलं, घरचं कोण गेलंय का? मी म्हणले भाऊ. तो म्हणला, मोठा का लहान? मोठा. मग त्यानं काही विचारलं न्हाई. अजून एक उंडा टाकला. आमचा संगू असा गप्प बसला नसता. त्यानं काहीतरी येडपट बोलून हसवलं असतं. हा चांगला हाय. लई चांगला हाय. पण हा दुसराच कुणीतरी हाय — आणि तिथं बसून पण मी स्वतःला सांगायलेय, चालंल, आईला तोंड तर तेच दिसंल.

जेवण झाल्यावर तो म्हणला चल लाडूवाली, तुला विहीर दाखवतो. मधी उंच बांध हाय. तो आधी चढला, वळला, आणि हात खाली दिला.

मी धरला.

लाईट जाते आणि इन्व्हर्टर चालू होतो ना, त्याच्या मधी एक गप्प वेळ असतो, पंखा नुसता फिरत असतो. पलीकडं जाताना तसं होतं. एरवी मी तिथं थांबत न्हाई. आज थांबले की काय झालं माहीत न्हाई. दोन्ही रानं एकावर एक दिसायली. आंब्याखाली पंगत पण आणि मातीचा उंचवटा पण. आणि संगूचं तोंड पांढरं पडलं. दवाखान्यात होतं तसं. त्याला कळंना काय व्हायलंय. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. मागं वळला, पंगतीकडं, आणि म्हणला,

"आई?"

ओरडला न्हाई. लहान पोरगं अंधारात विचारतं तसं. आहेस का, असं.

ती बाई ताटं गोळा करायलेली, आमच्याकडं पाठ होती तिची. तिला ऐकू पण गेलं नसंल. पण हातातली ताटं टाकून ती वळली.

मी सोडला हात.

तो तुरीत पडला. ती पळत आली, पदर खोचून, अनवाणी, ढेकळातून. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणायला, काही न्हाई आई, अंधारी आली. ती त्याचा कान धरून, सांगितलं होतं उन्हात टोपी घाल, सांगितलं होतं का न्हाई? आणि कान धरलेला सोडतच नव्हती.

मग माझ्याकडं बघून म्हणली, तू पडली न्हाईस ना ग? लागलं का कुठं?

मला. मला विचारलं तिनं.

निघताना जबरदस्ती डबा दिला. घरच्यांना दे म्हणली. मी म्हणले, काकू, आमच्याकडं पण येळवस हाय. म्हणली, मग काय झालं, दुसऱ्या रानची चव वेगळी असती.

परत आले तेव्हा ऊन उतरायलं होतं. ज्वारीत बसून लई रडले. पहिल्यांदाच नीट रडले. संगूला सांगितलं, आणला असता रे. जवळ जवळ आणलाच होता. तू मला शिव्या दिल्या असत्यास.

कोपीकडं गेले तर आई झोपलेली. शांत. अप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, आम्ही सगळे विहिरीवर गेलो होतो, आलो तर तुझ्या आईनं भाकरी खाल्लेली. भज्जीसंग. पूर्ण. त्यांचे डोळे भरलेले. मला वाटलं, रानाची हवा. येळवस. काही का असेना!

त्या आईचा डबा मी एकटीनं खाल्ला, मातीजवळ बसून. आता मी तिथं जाणार न्हाई. त्या दुकानात पण न्हाई.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी आईनं स्वतः ताट मागितलं. मी वाढलं तर म्हणली, आज न्हाई का भरवणार?

मी म्हणले, कधी भरवलं?

"काल की. दुपारी. एक एक घास करून भरवलंस, आणि नंतर माझा हात धरून बसलीस. किती घट्ट धरला होतास ग. मला वाटलं कुठं न्यायलीस का काय. मग सोडलास, पाया पडलीस, गेलीस."

काल दुपारी मी पलीकडच्या रानात होते.

आई म्हणली, "आणि तो मोरपंखी ड्रेस कुणाचा होता? लुंबिनीचा का?"

माझ्याकडं मोरपंखी ड्रेस न्हाई. लुंबिनीकडं पण न्हाई. कुठल्या तरी पलीकडच्या रुद्राकडं असंल.

मी म्हणले, हो आई, लुंबिनीचा. आणि पहिला घास तिच्या तोंडात दिला.